पस्तीसची रेषा आणि न झालेले तास

दहावीला गणिताची लेखी परीक्षा ८० गुणांची असते. बीजगणिताचे ४०, भूमितीचे ४०. उरलेले २० गुण शाळा देते. त्याला अंतर्गत मूल्यमापन म्हणतात. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तीस वर्षं गणित शिकवलं, आणि हे २० गुण मी स्वतः वर्षानुवर्षं भरले आहेत. वर्गातल्या सगळ्यांत कच्च्या मुलालाही मी १७ च्या खाली कधी आणलं नाही. शेजारच्या शाळेतल्या मुलाला १९ मिळत असताना माझ्या मुलानं १२ वर का अडकावं, असा विचार मी करत होतो, आणि माझ्यासारखे बहुतेक शिक्षक तोच करत होते. याचा अर्थ असा, की पास व्हायला लागणाऱ्या ३५ पैकी १७ गुण खिशात घालूनच मूल परीक्षा केंद्रात येतं. लेखी परीक्षेत ८० पैकी १८ मिळाले की ते सुटलं.

आता दुसरी बेरीज. ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली, की राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यानुसार दहावीला गणित आणि विज्ञान या विषयांत २० गुण मिळाले तरी मुलाला अकरावीला जाता येईल. मात्र त्याच्या गुणपत्रकावर शेरा येईल, आणि पुढं गणित किंवा विज्ञान लागणाऱ्या शाखांचा रस्ता त्याला बंद होईल. शेरा नको असेल तर त्यानं पुन्हा परीक्षेला बसावं. नवा अभ्यासक्रम दहावीपर्यंत पोचेल तेव्हा हे लागू करायचं, असंही सांगितलं गेलं. अंतर्गत गुण आज मिळतात तसेच मिळत राहिले, तर या मुलाला लेखी परीक्षेत किती मिळवावे लागतील? ८० पैकी ३.

त्या वेळी दोन्हीकडून खूप आरडाओरडा झाला. दर्जाची वाट लागली, असं एक बाजू म्हणाली. गणित येत नाही म्हणून मुलाचं आयुष्य का थांबवायचं, असं दुसरी म्हणाली. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात मला तथ्य दिसतं, पण दोघंही रेषा कुठं ओढायची एवढ्यावरच भांडत होते. माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. मुलाला रेषेपाशी उभं करून मोजण्याआधी त्याला तिथवर आणण्याचं काम आपण केलं का, हे शासनानं दाखवलं पाहिजे. ज्या शाळेत गणिताचे तास धड झालेच नाहीत, तिथल्या मुलाला नापास करण्याचा नैतिक अधिकार मंडळाकडं नाही. त्याला २० वर सोडून देऊन वरून शेरा मारण्याचा तर त्याहून नाही.

ही रेषा किती हलती आहे, ते आपण अलीकडंच पाहिलं. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले आणि निकाल ७७.१० वर आला. लगेच ओरड झाली, की सीबीएसई आणि आयसीएसईच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, मग अकरावीच्या प्रवेशात आपली मुलं मागं पडणार. गुण परत आले, आणि २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. २०१९ ला पुस्तकंही नवी होती आणि २०२० ला करोनामुळं भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीनं दिले गेले, हे मान्य करूनही प्रश्न उरतोच. दोन वर्षांत महाराष्ट्रातली मुलं बारा टक्क्यांनी मूर्ख आणि मग अठरा टक्क्यांनी शहाणी झाली, असं तर कुणी म्हणणार नाही. मुलं तीच होती, शाळा त्याच होत्या, मास्तरही तेच. मंत्रालयातला कागद तेवढा बदलला. ज्या मुलाचं २०१९ ला मराठीत ३१ वर वर्ष गेलं, त्याच्याच धाकट्या भावानं पुढच्या वर्षी तेवढंच मराठी लिहून चाळीसच्या वर गुण आणले असतील. त्या थोरल्याला आपण काय सांगणार?

पस्तीस गुण मिळवलेल्या मुलाला नेमकं काय येतं, हे मंडळानं कधीच सांगितलेलं नाही. त्याला टक्केवारी येते का? एकरातून गुंठे काढता येतात का? काठावर पास झालेल्या मुलाचं गुणपत्रक हातात घेऊन हे कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही. यामागं एक जुनी गोष्ट आहे. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली १८५९ साली, मूठभर मुलांतून कॉलेजात कोण जाणार ते ठरवायला. ती गाळणी होती आणि गाळणीचं काम चोख करत होती. पुढं एसएससी आली, १९६६ ला राज्य मंडळ आलं, १९७५ ला अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली. आज या परीक्षेला साडेपंधरा लाख मुलं बसतात. कॉलेजात कोण जाणार, हा प्रश्न आता त्या परीक्षेपुढं उरलेला नाही. हे मूल दहा वर्षं शाळेत होतं आणि जगायला लागणारं एवढं एवढं शिकलं, असा दाखला तिनं द्यायचा आहे. पण प्रश्नपत्रिकेची घडण, पस्तीसचा आकडा आणि नापास हा शब्द, सगळं त्या जुन्या गाळणीचंच चालत आलं आहे.

नापास हा शब्द तसा गुणपत्रकावरून गेला. त्या जागी ‘कौशल्य विकासास पात्र’ असं लिहू लागले. हेतू चांगला होता, यात शंका नाही. २०१५ पासून ऑक्टोबरऐवजी जुलैतच फेरपरीक्षा घेऊ लागले, तो तर फार चांगला निर्णय होता. त्यानं हजारो मुलांचं वर्ष वाचलं. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. भाषा आणि इतर काही विषयांत गुण एकत्र धरण्याच्या सवलतीही आहेत. एवढं सगळं करूनही २०२५ साली निकाल ९४.१० टक्के लागला, तेव्हा नियमित विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९१ हजार मुलं मागं राहिली. शेकडेवारीत हे सहा टक्के किरकोळ वाटतात. ९१ हजार म्हणजे एखाद्या मध्यम तालुका शहराची सगळी वस्ती होते, आणि पुढच्या वर्षी तेवढीच आणखी.

त्यातला एक मुलगा मला नेहमी आठवतो. स्नेहसंमेलनाची सगळी लाइट तो करायचा. मुख्य स्विचपासून स्टेजवरच्या दिव्यापर्यंत वायर किती लागेल, किती जाडीची लागेल, एका फेजवर किती लोड टाकायचा, हे तो नववीत असताना तोंडी सांगायचा. गणितात त्याला २९ मिळाले. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला दहावी पास लागते आणि तीही गणित-विज्ञान घेऊन. जुलैत बसला, पुन्हा गेला. पुढच्या मार्चला बसलाच नाही. आज तो घरांची वायरिंग करतो आणि चांगली करतो, पण परवाना दुसऱ्याच्या नावावर आहे आणि कमाईतला मोठा वाटा त्या नावाला जातो. वीस गुणांचा नियम तेव्हा असता तर हा मुलगा पास झाला असता. अकरावी आर्ट्सला बसला असता, आणि ज्या एका ट्रेडसाठी तो जन्माला आला होता, त्याच ट्रेडचा दरवाजा शेऱ्यानं लावला असता. दयेनं आखलेली वाट सगळ्यांत गरजवंत मुलाला नेमकी कुठं नेऊन सोडते, ते यात दिसतं.

त्याला काय येत नव्हतं, हेही सांगतो. त्याला प्रमेयाची सिद्धता पाठ होत नव्हती. वर्गसमीकरणाचं सूत्र तो विसरायचा. पण बीजगणिताच्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ नावाचा धडा आहे, जीएसटी आणि शेअर्सचा. त्यातली बिलाची गणितं तो वर्गात सगळ्यांच्या आधी सोडवायचा. प्रश्नपत्रिकेत सगळ्या धड्यांचे गुण एकाच टोपलीत पडतात आणि शेवटी एकच आकडा बाहेर येतो. त्या २९ मध्ये काय होतं आणि काय नव्हतं, हे कुणाला कळायची सोय नाही.

अशीच भांडणं अमेरिकेत गेली जवळजवळ पाच दशकं चालली आहेत. तिथं शाळेची पदविका, म्हणजे हायस्कूल डिप्लोमा, द्यायचा की नाही हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. बऱ्याच राज्यांनी त्यासाठी राज्यभराची एक परीक्षा किंवा विषय संपल्यावर त्या विषयाची परीक्षा सक्तीची केली होती. टेक्सासनं अशा पाच परीक्षा ठेवल्या: इंग्रजीच्या दोन, बीजगणित, जीवशास्त्र आणि अमेरिकेचा इतिहास. मॅसॅच्युसेट्समध्ये १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्यातून एमकॅस ही परीक्षा आली आणि २००३ च्या तुकडीपासून ती पास झाल्याशिवाय पदविका मिळेना.

त्या राज्यात २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आपल्याकडच्या प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्यानं वाचावा असा आहे. अभ्यासकांनी गणितात रेषेच्या अगदी खाली राहिलेली मुलं घेतली आणि अगदी वर निघालेली मुलं घेतली. एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक, म्हणजे ज्ञानात जवळजवळ फरक नाहीच. पुढं त्यांचं काय झालं ते पाहिलं. शहरांतल्या गरीब घरच्या मुलांत, थोडक्यात नापास झालेल्यांचं वेळेत शाळा पुरी करण्याचं प्रमाण थोडक्यात पास झालेल्यांपेक्षा ८ टक्के बिंदूंनी कमी निघालं. बरी परिस्थिती असलेल्या घरांतल्या मुलांवर मात्र त्या एका गुणाचा असा परिणाम दिसला नाही. परीक्षा पुन्हा देता येत होती, दोघांनाही. पण ज्याच्या घरी शिकवणीला पैसे होते, ‘अरे, होतं असं, पुन्हा बस’ म्हणणारं कुणी होतं, तो पुन्हा बसला. दुसऱ्यानं त्या एका गुणाचा अर्थ ‘हे आपलं काम नाही’ असा घेतला. माझ्या वर्गात हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की त्या अभ्यासातला आकडा वाचताना चेहरे डोळ्यांपुढं येत होते.

आणि त्याहून जुनी, त्याहून महत्त्वाची गोष्ट फ्लोरिडाची. १९७८ च्या कायद्यानं तिथं पदविकेसाठी साक्षरतेची परीक्षा सक्तीची केली. काळी मुलं गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात नापास झाली. ती मुलं शाळेत दाखल झाली तेव्हा फ्लोरिडात काळ्यांच्या शाळा वेगळ्या होत्या, गरीब होत्या. पालक कोर्टात गेले. डेब्रा पी. विरुद्ध टर्लिंग्टन या नावानं तो खटला ओळखला जातो. १९८१ साली अपील कोर्टानं निकाल दिला, तो सरळ होता. परीक्षा घ्यायचा हक्क राज्याला आहे. पण परीक्षेत विचारलेलं शाळेत खरोखर शिकवलं गेलं होतं, हे आधी राज्यानं सिद्ध करावं; तोवर पदविका अडवता येणार नाही. १९८३ पर्यंत ती अट थांबली. राज्याला शाळाशाळांतून माहिती गोळा करून दाखवावं लागलं, की हो, हे शिकवलं जातं. मग पुढं ती अट लागू झाली. परीक्षा मोडली नाही. फक्त पुरावा कुणी द्यायचा, हे उलटं झालं. आधी मुलानं द्यायचा होता, आता राज्यानं.

हा प्रश्न आपल्या मंडळाला कुणी विचारला, तर उत्तर काय येईल?

आमच्या भागातून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, कर्नाटकात जातात. परत येतात मार्च-एप्रिलात. दहावीचं वर्ष नेमकं या दोन टोकांच्या मधे बसतं. लहान मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण तीही शिक्षणहक्क कायद्याच्या वयापुरती. चौदा वर्षं झाली, आठवी झाली, की कायदा हात सोडतो. दहावीचं मूल आजीपाशी राहतं, नाहीतर कोप्यावर, म्हणजे तोडीच्या झोपडीवर, जातं. माझ्या वर्गातली एक मुलगी नोव्हेंबरात गेली ती फेब्रुवारीच्या तोंडी परीक्षेला परत आली. आईच्या हाताला कोयता लागला होता आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणी नव्हतं. त्या साडेतीन महिन्यांत मी वर्तुळ, भौमितिक रचना, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन शिकवून मोकळा झालो होतो. तिनं मला विचारलं, ‘सर, यातलं कोणतं सोडू?’ मी तिला धडे काढून दिले. तिला ३६ मिळाले. त्यातले १८ माझे होते, हे मला माहीत आहे आणि तिलाही. तिला पास केल्याचं मला वाईट वाटत नाही. तिला शिकवता आलं नाही, याचं वाटतं.

ही एका मुलीची गोष्ट झाली. वर्गात पूर्ण वर्ष बसलेल्या मुलांचं काय? कित्येक शाळांत गणिताचा शिक्षक निवृत्त होतो आणि त्याची जागा वर्ष-दोन वर्षं रिकामी राहते. मग इतिहासाचे सर गणिताचा तास घेतात, किंवा तासिका तत्त्वावर आलेला एखादा तरुण, ज्याला मानधन कधी मिळणार हे त्याचं त्यालाच माहीत नसतं. पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेच्या निकषांवरून शिक्षक आंदोलनाला रस्त्यावर येतात, ते पगारासाठी येतात असं लोकांना वाटतं. पण पट कमी म्हणून पद गेलं, की त्या शाळेतल्या उरलेल्या पंधरा-वीस मुलांचं गणित कोण घेणार, हा प्रश्न त्यात असतो. जो शिक्षक आहे त्याला निवडणुकीची कामं, मतदार याद्या, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं. वेळापत्रकात तास असतो, फळ्यावर तारीखही असते, मास्तर तहसीलला असतात.

शिवाय मूल नववीत येतं तेच मुळात पाया नसताना येतं. १४ ते १८ वयाच्या मुलामुलींचं जे ‘असर’ सर्वेक्षण २०२३ साली देशातल्या निवडक जिल्ह्यांत झालं, त्यात तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं जमलेली मुलं ४३ टक्क्यांच्या आसपास होती. भागाकार येत नसलेल्या मुलाला मी बहुपदी शिकवतो. त्याला ती येत नाही, याचं खापर दहावीच्या मार्चमध्ये त्याच्या डोक्यावर फुटतं. पाचवी आणि आठवीला आता आपल्या राज्यात वार्षिक परीक्षा परत आल्या आहेत. भागाकार अडला हे पाचवीतच कळावं आणि उन्हाळ्यात त्याचीच उजळणी व्हावी, एवढ्यासाठी त्या असतील तर माझा पाठिंबा आहे. नुसती मुलं मागं ठेवण्यासाठी असतील, तर दहावीची रेषा पाचवीत आणून ठेवली इतकंच होईल.

मग दहावीची परीक्षाच नको, असं म्हणणारे माझे काही जवळचे मित्र आहेत. ते मला पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगायला हवं. उत्तरपत्रिका तपासायला येते तेव्हा तिच्यावर नाव नसतं. बारकोड असतो. तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहणारा नियामक म्हणून मी काम केलं आहे. हजारो उत्तरपत्रिका हातांखालून गेल्या, त्यातल्या एकाचंही आडनाव मला माहीत नव्हतं. गावात मुलाच्या आडनावावरून त्याला कुठं बसवायचं, पाणी कसं द्यायचं, हे ठरवणारी माणसं अजून आहेत. शाळेतही ती नाहीत असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. ज्या मुलाच्या वडिलांनी संस्थाचालकाच्या शेतात राबून आयुष्य काढलं, त्याच्या आयुष्यात त्याला न ओळखणाऱ्या माणसानं त्याचं काम निव्वळ काम म्हणून पाहण्याची पहिली वेळ ही दहावीची उत्तरपत्रिका असते. ती काढून घेऊन सगळे गुण शाळेच्या हाती देणं म्हणजे त्या मुलाला पुन्हा गावाच्या हाती देणं आहे. माझे स्वतःचे ते १७, १८, १९ मी वर सांगितलेच. शाळेनं दिलेले गुण दयेचे असू शकतात, दबावाचेही असू शकतात.

परीक्षा नसली की काय होतं, तेही २०२१ नं दाखवलं. करोनामुळं परीक्षा रद्द झाली; नववीचे ५०, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी चाचण्यांचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असं सूत्र धरलं गेलं. निकाल लागला ९९.९५ टक्के. अशा गुणांवर कुणाचाच विश्वास बसणार नव्हता, म्हणून अकरावीसाठी वेगळी सीईटी निकालाआधीच जाहीर झाली होती. मुंबई उच्च न्यायालयानं ती ऑगस्टमध्ये रद्द केली नसती, तर तिचे क्लास उभे राहिले असते. सार्वजनिक परीक्षा उठली की निवड थांबत नाही. ती क्लासवाल्याच्या दारात जाते, आणि तिथं फी लागते.

मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एमकॅस पास होण्याची अट काढून टाकली, जवळजवळ ५९ टक्के मतांनी. परीक्षा मात्र राहिली. मूल दहावीत ती देतं, निकाल येतो, शाळेला कळतं कुठं कमी पडलं. पदविका तेवढी त्यावर अडत नाही. शिक्षक संघटनेनं यासाठी जोर लावला होता. तिथल्या विरोधकांची भीतीही खोटी नाही, की आता श्रीमंत गावाची पदविका आणि गरीब गावाची पदविका यांत फरक पडेल. टेक्सासनं २०१५ साली मधला मार्ग काढला. पाचपैकी दोनपर्यंत परीक्षांत अडलेल्या मुलासाठी मुख्याध्यापक, त्या विषयाचा शिक्षक आणि पालक अशी समिती बसते, मुलाचं वर्षभराचं काम पाहते, लागलं तर प्रकल्प करून घेते आणि निर्णय देते. आपल्याकडं अशी समिती बसवली तर तिच्यावर कोण दबाव आणेल, हे मला ठाऊक आहे, म्हणून ती जशीच्या तशी उचला असं मी म्हणणार नाही. पण परीक्षा ठेवणं आणि तिच्यावर मुलाचं सगळं भवितव्य टांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या लोकांनी ओळखलं आहे.

आपल्याकडं यातलं बरंच काही नवं शोधायचीही गरज नाही. सीबीएसईनं २०२० पासून दहावीला गणिताचे दोन पेपर ठेवले आहेत, मानक आणि पायाभूत. पुस्तक एकच, प्रश्नपत्रिकेची खोली वेगळी, आणि निवड मुलाची. आपल्या मंडळातही ‘सामान्य गणित’ हा पर्याय काही वर्षं होता. तो बंद केला गेला. कमी दर्जाचं गणित म्हणून त्याची हेटाळणी झाली, आणि शाळांनी तो हुशार नसलेल्यांचा कोपरा करून टाकला, हेही खरं. पण उपाय तो सुधारण्याचा होता. व्याज, टक्केवारी, क्षेत्रफळ, मोजमाप, आलेख वाचणं, कर्जाचा हप्ता काढणं, एवढं पक्कं येणारा मुलगा माझ्या मते गणितात पास आहे, आणि ते नुसतं काठावर नव्हे तर ६० टक्क्यांनी यायला हवं. हा पेपर मुलानं नववीच्या शेवटी, शिक्षक आणि घरच्यांशी बोलून निवडला तर ती निवड होईल. मानक पेपरमध्ये आपटल्यावर मंडळानं परस्पर लावलेला शेरा वेगळा. एकाला आपण काय करायचं ते ठरवता येतं, दुसऱ्याला दुसऱ्यांनी ठरवलेलं आयुष्यभर दाखवत फिरावं लागतं. पायाभूत पेपर चांगला गेलेल्या मुलाला आयटीआयच्या सगळ्या ट्रेडना घ्यावं, आणि हवं तेव्हा, पंचविशीतही, मानक पेपर देता यावा. सतरा नंबरच्या फॉर्मनं बाहेरून बसायची सोय आपल्याकडं आहेच.

अंतर्गत गुणांबाबत मी माझ्या व्यवसायबंधूंना नाराज करणार आहे. शाळेचे गुण आणि लेखीचे गुण गुणपत्रकावर शेजारी शेजारी, पण वेगळे छापावेत. बेरीज करू नये. २० पैकी १९ आणि ८० पैकी १३ असं शेजारी दिसलं, की कुणी खोटं बोलायची गरजच राहत नाही. माझ्यासारख्या मास्तराचीही त्यातून सुटका होईल.

आणि तासांची नोंद. प्रत्येक शाळेत प्रत्येक तासाला शिक्षक टाचण लिहितो, हजेरी होते. कागद कमी नाहीत. दहावीच्या प्रत्येक तुकडीला वर्षभरात गणिताचे, विज्ञानाचे, इंग्रजीचे किती तास त्या विषयाच्या शिक्षकानं प्रत्यक्ष घेतले, हा एक आकडा शाळेनं फेब्रुवारीत मंडळाला कळवावा, पालकसभेत वाचून दाखवावा, आणि निकालाच्या दिवशी शाळेच्या टक्केवारीशेजारी तो छापला जावा. ठरलेल्या तासांपैकी तीन चतुर्थांश तास झाले नसतील, त्या शाळेतलं कुणीही मूल त्या विषयात कमी पडलं, तर त्याला पुढच्या सहा महिन्यांत तो विषय शिकवण्याची आणि विनाशुल्क पुन्हा परीक्षा घेण्याची जबाबदारी शासनाची असावी. शेरा मारायचाच असेल तर तो त्या शाळेच्या मान्यतेच्या फाइलवर मारावा.

ऊसतोडीच्या मुलांसाठी नोव्हेंबर ते मार्च या काळात दहावीपर्यंतची वसतिगृहं हवीत, आठवीपर्यंतची पुरत नाहीत. हे कुठल्याही आराखड्यात येवो न येवो. ती मुलगी परत आली तेव्हा तिच्या वहीत नोव्हेंबरच्या सात तारखेनंतर पान कोरं होतं. मी तिला एक जुनी वही दिली होती, माझ्या आदल्या वर्षीच्या विद्यार्थिनीची, सुंदर अक्षरातली. परीक्षा झाल्यावर ती परत करायला आली. वर्तुळाच्या धड्यात समासात तिनं बारीक पेन्सिलीनं तीन ठिकाणी लिहून ठेवलं होतं: हे का?